म्हातारीच्या काढ्यातून त्याने हृदयाचं औषध शोधलं, पण त्याचं खरं काम वेगळंच होतं : डॉ. विल्यम विदरिंगची गोष्ट

श्रावणी सोमवारी ठाण्यात मासुंदा तलावाजवळच्या कोपिनेश्वर मंदिरात गेलात तर फुलवाल्यांच्या टोपलीत बेल, धोतरा यांच्या जोडीला एक पिवळं, घंटेसारखं फूल दिसतं. पिवळी कण्हेर. काही जण तिला बिट्टी म्हणतात. कल्याणच्या जुन्या घरांच्या परसात, डोंबिवलीच्या सोसायट्यांच्या कुंपणाला, रस्त्याच्या कडेला, कुठेही हे झाड मिळेल. पाणी कमी लागतं, गुरं तोंड लावत नाहीत, वर्षभर फुलतं. तिच्या टणक बियांनी कित्येक पिढ्यांची पोरं खेळली आहेत.

आता दुसरं चित्र. घरात आजोबा आहेत, हृदयाचा आजार आहे, गोळ्यांचा डबा आहे. त्यात डिगॉक्सिन नावाची एक बारीकशी गोळी असते. तिच्याबद्दल डॉक्टरांनी अनेकदा सांगितलेलं असतं की आठवड्यातले पाच दिवस घ्यायची आणि दोन दिवस सुट्टी. घरच्यांना हे जरा विचित्र वाटतं. गोळीला कसली शनिवार-रविवारची सुट्टी?

त्या झाडाचं आणि या गोळीचं नातं आहे. दोन्हींतली द्रव्यं एकाच जातीची आहेत आणि हृदयाच्या पेशीत एकाच जागी जाऊन बसतात. प्रमाणात असेल तर थकलेलं हृदय सावरतं. प्रमाण चुकलं तर तेच हृदय अडखळतं, संथ होतं, वेडंवाकडं धावतं आणि थांबूही शकतं. गोळीची सुट्टी त्यासाठीच असते, की औषध शरीरात साचू नये.

पण औषध कुठे संपतं आणि विष कुठे सुरू होतं, ही रेषा पहिल्यांदा नीट आखली कुणी? त्यासाठी अडीचशे वर्षं मागे, इंग्लंडमध्ये जावं लागेल.

विल्यम विदरिंगचा जन्म १७४१ सालचा, श्रॉपशायर परगण्यातल्या वेलिंग्टन गावातला. वडील औषधं बनवायचे आणि रुग्णही बघायचे, म्हणजे धंदा घरचाच. पोरगा एडिंबराला शिकायला गेला आणि १७६६ साली डॉक्टर झाला. तिथे वनस्पतीशास्त्र शिकावं लागायचं आणि या गड्याला त्या विषयाचा मनापासून कंटाळा होता. पुढे ज्याचं नाव एका झाडामुळे अमर झालं, त्याला झाडं नकोशी होती.

मग झालं असं की स्टॅफर्ड गावात त्याने प्रॅक्टिस सुरू केली आणि तिथे हेलेना कुक्स नावाची एक तरुणी रुग्ण म्हणून आली. तिला फुलांची चित्रं काढायचा नाद होता. आजारातून उठत होती, बाहेर फिरता येत नव्हतं. डॉक्टरसाहेब तिच्यासाठी रानावनातून फुलं गोळा करून आणू लागले. १७७२ साली दोघांचं लग्न झालं आणि तोवर विदरिंगला झाडांचं वेड लागलं होतं. १७७६ साली त्याने ब्रिटनमधल्या वनस्पतींवर जाडजूड ग्रंथ लिहिला. स्त्रियांनीही तो वाचावा म्हणून फुलांच्या नर-मादी अवयवांची नावं त्याने सोज्वळ करून टाकली होती, यावरून लोकांनी नंतर त्याची टिंगलही केली.

१७७५ साली बर्मिंगहॅममधल्या एका नामांकित डॉक्टरचं निधन झालं. त्या रिकाम्या जागी विदरिंगने यावं असं इरॅस्मस डार्विनने सुचवलं. उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विनचे हे आजोबा, स्वतः मोठे डॉक्टर. बर्मिंगहॅमला आल्यावर विदरिंगची ऊठबस लूनर सोसायटी नावाच्या मंडळात सुरू झाली. वाफेच्या इंजिनवाला जेम्स वॅट, ऑक्सिजनवर काम करणारा जोसेफ प्रीस्टली, चिनी मातीच्या भांड्यांचा कारखानदार वेजवुड, सगळे त्यात. पौर्णिमेच्या सुमारास बैठक असायची, कारण दिवे नसलेल्या रस्त्यांवरून घरी परतायला चांदणं लागायचं.

पैसाही चांगला मिळू लागला. लंडनबाहेरच्या सगळ्यात जास्त कमाईच्या डॉक्टरांत त्याची गणना व्हायची. पण रोजचा एक तास त्याने गरिबांसाठी राखून ठेवला होता, फी न घेता. वर्षाला दोन ते तीन हजार गरीब रुग्ण तो असे तपासायचा. हा तास लक्षात ठेवा, पुढे त्याचं महत्त्व कळेल.

त्याच १७७५ साली कुणीतरी त्याच्यापुढे एक घरगुती नुस्खा ठेवला आणि मत विचारलं. श्रॉपशायरमधली एक म्हातारी तो गुपचूप बाळगून होती. अंगाला सूज येते, पाय फुगतात, पोटात पाणी होतं, आडवं झालं की धाप लागते, अशा आजारावर तिचा काढा चालायचा. मोठमोठ्या डॉक्टरांनी हात टेकलेले काही रुग्ण तिच्याकडून बरे होऊन गेले होते. मात्र काढा घेतला की उलट्या-जुलाबांनी माणूस हैराण व्हायचा. त्यात वीसेक वनस्पती होत्या. झाडांची माहिती असलेल्या विदरिंगने यादी बघितली आणि ओळखलं की यातलं काम करणारं झाड एकच असणार. ते म्हणजे फॉक्सग्लोव्ह, शास्त्रीय नाव डिजिटॅलिस. जांभळ्या घंटांचा उंच तुरा येणारं इंग्लंडमधलं रानटी झाड.

इंटरनेटवर या म्हातारीचं नाव मदर हटन असं सापडतं. अगदी चित्रासकट. ते नाव बिनधास्त विसरा. विदरिंगने तिचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. १९२८ साली पार्क-डेव्हिस या औषध कंपनीने जाहिरातीसाठी एक चित्र काढून घेतलं, तिथून हे नाव निघालं आणि पुढे लेखांत, पुस्तकांतसुद्धा खरं म्हणून शिरलं. व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं तेव्हाही फॉरवर्ड होतेच.

खरी खंत वेगळी आहे. जिने हे ज्ञान जपलं, तिचं नाव कुणालाच लिहून ठेवावंसं वाटलं नाही.

झाड सापडलं, पुढे काय? साधारण माणूस म्हणाला असता, औषध सापडलं, द्या सगळ्यांना. विदरिंगनेही सुरुवातीला थोडंफार तसंच केलं. मात्रा जास्त दिल्या, भराभर दिल्या, रुग्ण बेजार झाले. पण तो लिहून ठेवत होता. पान कोणत्या दिवसांत तोडलं तर जोर सारखा राहतो, काढा करावा की सुकवून पूड, किती द्यावी, किती तासांनी पुन्हा द्यावी, कोणाला लागू पडते आणि कोणाला नाही. फुकट तपासणीच्या तासाला येणाऱ्या गरिबांमुळे त्याला भरपूर रुग्ण बघायला मिळाले. आजच्या नजरेने हे थोडं अस्वस्थ करतं, कारण नव्या औषधाची जोखीम गरिबांच्या वाट्याला आली. त्यांची परवानगी घ्यायची पद्धत तेव्हा कुठेच नव्हती.

दहा वर्षं हे चाललं. १७८५ साली त्याने फॉक्सग्लोव्हवर पुस्तक काढलं. त्यात स्वतःचे १६३ रुग्ण क्रमाने मांडलेले आहेत. आणि यात एक मोठी गोष्ट आहे. बरे झालेले तेवढे निवडून छापले असते तर औषधाची वाहवा झाली असती, त्याची स्वतःचीही. हे त्याला ठाऊक होतं आणि त्याने ते पुस्तकात कबूलही केलं. तरीही त्याने सगळे छापले. लागू न पडलेले, बिघडलेले, मेलेले, त्याच्या स्वतःच्या चुकीने हाल झालेले, सगळे.

त्यात एका फिरत्या व्यापाऱ्याची हकिकत आहे. मूळचा यॉर्कशायरचा माणूस, दम्याचा त्रास. विदरिंगला बोलावणं आलं तेव्हा तो सारखा ओकत होता, डोळ्यांना धड दिसत नव्हतं आणि नाडी मिनिटाला फक्त ४० होती. चौकशी केल्यावर कळलं की बायकोने मूठभर ताजी फॉक्सग्लोव्हची पानं थोड्याशा पाण्यात उकळली आणि नवऱ्याने तो काढा एका दमात पिऊन टाकला. बाईला झाड माहीत होतं, माप माहीत नव्हतं. नवरा थोडक्यात वाचला.

आपल्याकडच्या काढ्यांच्या रीलखाली ही हकिकत कुणी टाकली तर बरं होईल.

जास्त झालेल्या डिजिटॅलिसची लक्षणं त्याने जी लिहिली, ती आजही वैद्यकीय पुस्तकांत जवळजवळ तशीच आहेत. मळमळ, उलट्या, जुलाब, चक्कर, समोरच्या वस्तू पिवळ्या किंवा हिरव्या दिसणं, नाडी संथ होत मिनिटाला ३५ पर्यंत उतरणं, थंड घाम, झटके, शुद्ध हरपणं, मृत्यू. औषधाचा परिणाम उशिरा दिसतो, म्हणून आधीच्या मात्रेचं काय झालं ते कळायच्या आत पुढची देऊ नये, हेही त्याला कळलं होतं. मळमळ सुरू झाली, लघवी सुटली, जुलाब लागले किंवा नाडी मंदावली, यातलं काहीही झालं की औषध थांबवायचं, हा त्याचा नियम.

यातलं कारण मात्र त्याला माहीत असणं शक्य नव्हतं. ईसीजी यायला अजून सव्वाशे वर्षं होती. आज आपल्याला कळतं ते असं : हृदयाच्या पेशीच्या भिंतीत छोटे पंप असतात, सोडियम बाहेर फेकायचं आणि पोटॅशियम आत घ्यायचं हे त्यांचं काम. डिजिटॅलिस त्यातले काही पंप बंद पाडतं. त्यामुळे पेशीत कॅल्शियम वाढतं आणि हृदय जोराने आवळतं. शिवाय वरच्या कप्प्यांतून खाली जाणारा विजेचा संदेश ते जरा रोखून धरतं, त्यामुळे फार वेगाने धावणारं हृदय आवरतं. पण जास्त पंप बंद पडले की दोन संकटं एकदम येतात. वरून येणारा संदेश अडकतो, म्हणून ठोके संथ होतात. आणि खालचे कप्पे कुणाची वाट न बघता स्वतःच भलतेसलते ठोके द्यायला लागतात. बंद पंपांमुळे पोटॅशियमही रक्तात साचतं. संथ आणि बेलगाम, दोन्ही एकाच हृदयात. इमर्जन्सीतल्या डॉक्टरला घाम फोडणारं मिश्रण ते हेच.

विदरिंगकडे त्यावर उतारा नव्हता. औषध थांबवायचं आणि वाट बघायची.

पुस्तकामुळे नाव झालं, तसा वादही. १७७६ साली इरॅस्मस डार्विनने आपल्या एका रुग्णासाठी विदरिंगला बोलावलं होतं आणि विदरिंगने तिला फॉक्सग्लोव्ह दिलं होतं. पुढे १७७८ साली डार्विनचा तरुण मुलगा, वैद्यकीचा विद्यार्थी, अकाली गेला. बापाने १७८० साली त्याचं लेखन छापलं आणि सोबत फॉक्सग्लोव्हच्या रुग्णांची माहिती जोडली. त्यात विदरिंगचं नाव नव्हतं. ज्याने बर्मिंगहॅमला बोलावलं त्याच्याशीच संबंध बिनसले, ते शेवटपर्यंत. विदरिंगही काही फार गोड स्वभावाचा नव्हता, ताठ होता. पण या प्रकरणात अन्याय त्याच्यावरच झाला असं माझं मत आहे.

१७९१ साली बर्मिंगहॅममध्ये दंगल झाली. फ्रेंच राज्यक्रांतीची बाजू घेणाऱ्या प्रीस्टलीचं घर जमावाने जाळलं. विदरिंगच्या घरापर्यंतही लोक पोचले होते, सैन्य आल्यामुळे ते वाचलं. तोवर त्याची छाती पार कमकुवत झाली होती. कल्याणच्या आनंदीबाई जोशींना ज्या क्षयाने २१ व्या वर्षी नेलं, बहुधा त्याच आजाराने तो वर्षानुवर्षं झिजत होता. इंग्लंडचा हिवाळा सोसेना म्हणून दोन हिवाळे त्याने पोर्तुगालमध्ये काढले. तिथेही स्वस्थ बसला नाही, तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांची रासायनिक तपासणी करून आला. (एका खनिजाला त्याच्यामुळेच विदराइट हे नाव पडलंय.) ६ ऑक्टोबर १७९९ रोजी तो गेला, वय ५८. एजबॅस्टनच्या जुन्या चर्चमध्ये त्याचं स्मारक आहे, त्यावर फॉक्सग्लोव्ह कोरलेलं आहे.

त्याच्यामागे लोकांनी त्याचं औषध उचललं आणि इशारा सोडून दिला. डिजिटॅलिस नाही नाही त्या आजारांवर दिलं जाऊ लागलं. १९३० साली त्याच जातीच्या दुसऱ्या झाडापासून डिगॉक्सिन वेगळं काढण्यात आलं आणि मोजून-मापून गोळी बनू लागली. पानाच्या लहरीवर अवलंबून राहणं संपलं. रेषा मात्र तितकीच बारीक राहिली.

उतारा यायला १९७६ साल उजाडलं. अमेरिकेत डॉ. थॉमस स्मिथ आणि सहकाऱ्यांनी डिगॉक्सिन फार जास्त गेलेल्या एका रुग्णाला प्रतिपिंडं दिली आणि तो वाचला. ही प्रतिपिंडं मेंढीच्या शरीरात तयार करून घेतात. रक्तातलं डिगॉक्सिन ती पकडतात, पंपांवर बसलेलं सुटून येतं आणि लय ताळ्यावर येते.

मग आपली पिवळी कण्हेर? श्रीलंकेत तिच्या बियांनी विषबाधा झालेले रुग्ण मोठ्या संख्येने दवाखान्यात येतात. तिथे हीच प्रतिपिंडं ६६ रुग्णांच्या चाचणीत वापरून बघितली गेली. २००० साली लॅन्सेटमध्ये निष्कर्ष आले, बिघडलेली लय या औषधाने लवकर सुधारत होती. इंग्लंडच्या झाडाचा उतारा आपल्या अंगणातल्या झाडालाही लागू पडला. अडचण किमतीची आहे. हे औषध फार महाग आहे आणि आपल्याकडे सहज मिळत नाही.

म्हणून आपल्याकडच्या आयसीयूत जुन्या हत्यारांवर लढाई चालते. आल्याबरोबर ईसीजी आणि मॉनिटर. लवकर पोचलेल्या, शुद्धीवर असलेल्या रुग्णाला पोटातलं विष शोषून घेणारा औषधी कोळसा. रक्तातल्या पोटॅशियमवर नजर. ठोके फार मंदावले तर ॲट्रोपिनचं इंजेक्शन. हे ॲट्रोपिन मुळात धोतऱ्याच्या कुळातल्या बेलाडोनाचं. महादेवाच्या टोपलीतल्या एका फुलाच्या विषावर दुसऱ्या फुलाच्या भावकीतलं औषध, असा हा योगायोग. (म्हणून कुणी धोतरा खाऊ घालायला जाऊ नका. एकाचे दोन विषबाधेचे रुग्ण होतील.) त्यानेही भागलं नाही तर शिरेतून तार घालून तात्पुरता पेसमेकर. खालचे कप्पे बेलगाम झाले तर लिडोकेनसारखी औषधं. हृदय थांबलंच तर छाती दाबणं आणि शॉक. शरीर विष बाहेर टाकेपर्यंत हृदयाला चालतं ठेवायचं, आणि त्याला दिवसही लागू शकतात. बरं वाटतंय म्हणून पहिल्याच संध्याकाळी सही करून रुग्णाला घरी नेणं त्यामुळेच धोक्याचं.

डिगॉक्सिन घेणाऱ्या आजी-आजोबांच्या बाबतीत बहुतेक वेळा कुणी मूठभर गोळ्या खाल्लेल्या नसतात. पावसाळ्यात पोट बिघडतं, दोन दिवस उलट्या-जुलाब होतात, अंगातलं पाणी आटतं, मूत्रपिंड मंदावतं आणि रोजचीच गोळी साचत जाते. किंवा सूज उतरवणाऱ्या गोळीने शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. किंवा दुसऱ्या डॉक्टरने दिलेलं नवं औषध, काही अँटिबायोटिक्ससुद्धा, डिगॉक्सिनची पातळी वाढवतं. जेवण नको वाटणं, मळमळ, गोंधळल्यासारखं बोलणं, पिवळसर दिसणं, नाडी नेहमीपेक्षा संथ लागणं, यातलं काही दिसलं तर ॲसिडिटी समजून घरी बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरला फोन करावा. मूत्रपिंडाची तपासणी आणि रक्तातली डिगॉक्सिनची पातळी, दोन्ही बघता येतात.

मुलाने कण्हेरीची बी चावली किंवा घरात कुणी गोळ्या जास्त घेतल्या, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका. माणूस ठीक दिसतोय म्हणून थांबूही नका, लय काही तासांनीही बिघडते. १०८ ला फोन करा आणि मॉनिटर व आयसीयू असलेलं जवळचं रुग्णालय गाठा. गोळ्या कुणी मुद्दाम घेतल्या असतील तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लपवाछपवीत वेळ जातो. मनात तसे विचार येत असतील तर टेलीमानसच्या १४४१६ वर दिवस-रात्र केव्हाही बोलता येतं.

निघताना गोळ्यांची पट्टी किंवा खाल्लेल्या बीचा उरलेला तुकडा सोबत घ्या. किती वाजता पोटात गेलं आणि चालू असलेली इतर औषधं कोणती, हे एका कागदावर लिहून न्या.